मॉरिशसमध्ये मराठी माणसं कशी पोहोचली, आणि तो देश चालतो कशावर?

थोडक्यात सांगायचं तर उसामुळे. बेटावर मूळ वस्तीच नव्हती. डच आले, डोडो पक्षी संपला, मग फ्रेंच, आणि 1810 मध्ये इंग्रज. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली, पण ऊस तोडायला माणसं हवीच होती. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बहुतेक बिहारकडचे, काही तमिळ-तेलुगू, आणि थोडे आपल्या कोकणातले. पोर्ट लुईच्या बंदरात ते ज्या दगडी पायऱ्या चढून आत गेले, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे.

आता तिथली मराठी मंडळी घरात बहुधा क्रिओल (फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली) बोलतात, पण गणपती दणक्यात बसवतात. गणेशोत्सवाची तिथे चक्क सरकारी सुट्टी असते!

12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळी भिस्त साखरेवर होती. पुढे कापड कारखाने, पर्यटन आणि बँकिंग-गुंतवणूक आली. भारतात येणारा बराच परदेशी पैसा करसवलतीसाठी मॉरिशसमार्गे यायचा. 2016 मध्ये दोन देशांमधला कर-करार बदलला आणि ती वाट अरुंद झाली.

चलन रुपयाच, बरं का. नोटेवर हिंदी आणि तमिळसुद्धा असतं.