सारखे लहानपण आठवते, हा आजार आहे का?

वडोदऱ्यात समुपदेशन करताना पन्नाशी ओलांडलेली माणसे मला एक प्रश्न वारंवार विचारतात: "हल्ली सारखे लहानपणच आठवते, माझे काही बिघडले आहे का?" 54 वर्षांच्या एका मराठी बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांच्या आवाजात खरी भीती होती. पुण्यातली मुलगी त्यांना फोनवर म्हणाली होती, "आई, तू अजून त्या सोसायटीतच राहतेस." त्यांच्या आजीला उतारवयात माणसे ओळखू येईनाशी झाली होती आणि आपल्याही बाबतीत ही त्याचीच सुरुवात असावी, असे त्यांनी मनाशी धरले होते. (ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत.)

स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडच्या गोष्टी आधी निसटतात आणि जुन्या बराच काळ टिकतात. बाईंना मात्र कालचा हिशेब आणि नातवाच्या लसीची तारीख चोख ठाऊक होती. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन उदास राहणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे, यांपैकीही काही नव्हते. तसे असते तर मी त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये घराच्या ओढीला आजार ठरवले होते, पण आज तसे कोणी मानत नाही. चाळिशीनंतर साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी अधिक दाटून येतात, हे तर अनेक अभ्यासांत दिसले आहे.

एवढे समजल्यावर त्यांची भीती ओसरली, पण मला त्यांचे ऐकणे तिथेच थांबवावेसे वाटले नाही. प्रतापनगरच्या पलीकडे, तेव्हा गावाबाहेरच समजल्या जाणाऱ्या भागात त्यांची सोसायटी होती. डभोईकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिटी, उन्हाळ्यात गच्चीवर ओळीने घातलेली अंथरुणे, उत्तरायणाला शेजारच्या मासींकडचे उंधियू, जोशीकाकांच्या झोपाळ्यावर पाठ केलेले पाढे, असे त्या भरभरून सांगत. आषाढात गुजराती मैत्रिणींबरोबर त्यांनीही गौरीव्रत धरले होते; पाच दिवस अळणी जेवण आणि शेवटच्या रात्री जागरण. मातीच्या कुंड्यात पेरलेले गव्हाचे जवारे रोज किती बोटे वाढले, हे त्यांना अजून आठवत होते.

तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आले की या सगळ्या आठवणी दुसऱ्यांच्या घरांतल्या आहेत. मी विचारले, "ताई, तुमचे जवारे कोणाच्या घरी पेरले होते?" त्या म्हणाल्या, "मासींच्या," आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मग कळले की त्या वर्षी त्यांच्या आईला क्षय झाला होता. भांडी वेगळी, खोली वेगळी, आणि 11 वर्षांच्या मुलीला दिवसभर शेजाऱ्यांकडे ठेवलेले. आई पुढे पूर्ण बरी झाली, परंतु लोकांच्या भीतीने घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आठवणी सोडा, असे मी त्यांना सांगितले नाही, आणि कोणालाही सांगणार नाही. त्या सोसायटीने खरोखरच एक मूल सांभाळले होते आणि तिची ओढ वाटणे रास्तच होते. मी एवढेच सुचवले की ज्या घराविषयी आपण बोलत नाही, त्याविषयीही लेकीला सांगून पाहावे. त्यांनी त्याच रविवारी फोन केला. आजीच्या आजाराविषयी मुलीला काहीच ठाऊक नव्हते. ती तासभर एकेक विचारत राहिली आणि त्या उत्तरे देत गेल्या.

त्या बोलण्यात त्यांना एक गोष्ट इतक्या वर्षांनी आठवली. व्रताच्या शेवटच्या सकाळी जवारे पाण्यात सोडायला निघण्यापूर्वी, मासी त्यांना हाताला धरून त्यांच्याच घराच्या मागच्या खिडकीशी घेऊन गेल्या होत्या. त्यांनी कुंडे दोन्ही हातांनी उंच धरले, तेव्हा आई आतल्या खाटेवर उठून बसली आणि तिने तिथूनच हात जोडले.