१७ वर्षांच्या रेफरीने गोथिया कपसारख्या इंटरनॅशनल युथ टूर्नामेंटची तयारी कशी करावी?

सगळ्यात आधी त्या स्पर्धेचे स्वतःचे नियम पाठ करायला लावा, फिटनेस त्यानंतर. आयफॅब (फुटबॉलचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) युथ फुटबॉलला मॅचची वेळ, मैदान-बॉलचा साइज, बाहेर गेलेला प्लेअर परत घेणं, काही मिनिटांसाठी बाहेर काढणं असं बरंच काही बदलायची मुभा देतं, त्यामुळे घरच्या लीगची सवय तिथे चालेलच असं नाही आणि पोरं नेमकी इथेच गडबडतात, युथ मॅचेसना लाइनवर उभं राहून हे मी खूपदा बघितलंय. मग शिट्टी आणि हाताचे सिग्नल, ते एकदम ठसठशीत हवेत, कारण गोथिया कप जिथे होतो त्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७५ पासून देशोदेशीच्या टीम येतात, तिथे तोंडाने समजावून भागत नाही. मात्र ११ जणांच्या मॅचला ऑफसाइड-फाउलचे मूळ कायदे तेच असतात, ते कच्चे असतील तर आधी तेच पक्के करा.