समोर माणूस बसला की हात थरथरतो

"मॅडम, मोबाइलवर मी बरी खेळते. पण समोर माणूस बसणार, या विचारानंच घशाला कोरड पडते."

सुजाता (नाव बदललं आहे) चाळिशीची, विमा कंपनीत नोकरीला. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये बसायला मिळालं की बुद्धिबळाचे दोन-तीन डाव ठरलेले. विलेपार्ल्यात एका शाळेच्या हॉलमध्ये एक दिवसाची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा होती. तिनं हौसेनं नाव दिलं आणि तिची झोप उडाली. फी बुडाली तरी चालेल, नाव काढून घेऊ का, हे विचारायला ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती.

आधी मी श्वासाचे व्यायाम दिले. आठवड्यानं आली ती तशीच. मग मी टेबलावर पट मांडला. मला जेमतेम चाली येतात, पण मला तिचे हात बघायचे होते. तिनं घोडा उचलला, हवेत धरला, परत ठेवला. उंटाला बोट लावलं, पुन्हा घोड्याकडे वळली. मोबाइलवर हे सगळं खपतं. स्पर्धेत मात्र ज्या सोंगटीला मुद्दाम हात लावला, ती नियमात बसत असेल तर खेळावीच लागते. हे तिला वाचून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. तिची अर्धी भीती तिथे होती, असं मला आजही वाटतं.

मग घरी सराव सुरू झाला. चाल ठरेपर्यंत दोन्ही हात मांडीवर. चाल केली की त्याच हातानं घड्याळ दाबायचं, म्हणजे आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. किल्लेकोट करताना (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवताना) आधी राजा उचलायचा, कारण आधी हत्तीला हात लावला तर त्या खेळीत त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. वाकडी बसलेली सोंगटी सरळ करायची तर आपली पाळी असताना, आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणून. एकदा बांगडी लागून तिची दोन प्यादी आडवी झाली. असा चुकून लागलेला धक्का 'हात लावला' यात धरत नाहीत, पण प्यादी परत उभी करायची ती आपलं घड्याळ चालू असताना. त्या दिवसापासून तिनं बांगड्या काढून ठेवल्या. चाली लिहिण्याचं तिला फार दडपण होतं. रॅपिडमध्ये ती सक्ती नसते हे कळल्यावर तिनं मोठा सुस्कारा टाकला.

उरलेली अर्धी भीती तिनं तिसऱ्या भेटीत सांगितली. "एखाद्या पोरानं हरवलं तर? सगळे बघतील."

हरवेलच, मी म्हटलं. मुंबईतल्या खुल्या स्पर्धांत हॉल मुलांनीच भरलेला असतो. याच मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या होत्या. मुलींनी तिथे खेळावं का, यावर तेव्हा वादही झाला होता. पटासमोर कोण केवढं, याला अर्थ नसतो. शिवाय स्विस पद्धतीत एक डाव गेला म्हणून कुणी घरी जात नाही. पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला खेळाडू समोर येतो.

पण नुसतं सांगून भीती जात नाही, म्हणून शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला बोलावलं. तो पाय हलवायचा, गुणगुणायचा, मध्येच "काकू, खेळा ना!" म्हणायचा. पहिल्या दिवशी ती रडवेली झाली. दहाव्या दिवशी त्याच्यासाठी चिवडा काढून ठेवू लागली.

स्पर्धेच्या संध्याकाळी तिचा फोन आला. सात फेऱ्यांत अडीच गुण. हात थरथरले का, मी विचारलं.

"पहिल्या पाच-सहा चाली. मग घड्याळाच्या नादात विसरले. आणि मॅडम, तिसऱ्या फेरीत एक मुलगा होता, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे. हरले मी. मीच विचारलं, कुठे चुकलं रे माझं? त्यानं बाहेर नेऊन पट मांडला आणि माझा वजीर कुठे अडकला ते दाखवलं."