करसवलत दिली की परदेशी कंपन्या कारखाना टाकतात का?
नुसत्या करसवलतीवर सहसा नाही. कंपनी आधी बंदर, वीज, कुशल कामगार आणि सुटे भाग पुरवणारे जवळ आहेत का ते बघते; दोन-तीन जागा तुल्यबळ ठरल्या की मग सवलतींची घासाघीस सुरू होते. आयर्लंडने १९५९ मध्ये शॅनन विमानतळालगत करमुक्त क्षेत्र काढलं, ते चाललं. उलट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला अब्जावधी डॉलरच्या सवलती कबूल केल्या. १३,००० नोकऱ्यांचा वायदा होता; २०२१ च्या सुधारित करारात आकडा १,४५४ वर आला. नशीब, बरीचशी रक्कम प्रत्यक्ष भरती आणि गुंतवणूक झाल्यावरच द्यायची होती. जमीन आणि रस्त्यांवरचा सरकारी खर्च मात्र तोवर होऊन बसला होता.