लढाऊ विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सर्वांत चांगले विमान हमखास का जिंकत नाही?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, एखादा देश लढाऊ विमानांसाठी निविदा काढतो, चार-पाच विमाने चाचण्यांना उतरतात, तुलना वर्षानुवर्षे चालते आणि शेवटी ज्याची सर्वाधिक वाहवा झाली ते विमान बाजूला राहून दुसरेच निवडले जाते. यामागे लाचखोरी असते की आणखी काही? लाचखोरी या धंद्यात झालेली आहे, ही गोष्ट प्रथमच मान्य केली पाहिजे. नेदरलँड्सच्या राणीचे पती प्रिन्स बर्नहार्ड यांनी लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीकडून 11 लाख डॉलर घेतल्याच्या आरोपाची 1976 मध्ये चौकशी झाली आणि त्यांना आपली लष्करी पदे सोडावी लागली. अशा प्रकरणांमुळेच अमेरिकेने 1977 मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. तरीही, हा विषय बरीच वर्षे आवडीने वाचत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, बहुतेक निकालांचा उलगडा लाचखोरीवाचूनही होतो. लढाऊ विमान घेणारा देश विमानाबरोबर एका परक्या सरकारची परवानगी विकत घेत असतो. ती परवानगी पुढची तीस-चाळीस वर्षे पुन्हा पुन्हा लागते, आणि ती देणारे सरकार आपल्याशी कसे वागेल याचा अंदाज कोणत्याही चाचणी उड्डाणातून बांधता येत नाही.

क्रोएशियाचे उदाहरण पाहा. 2018 मध्ये या देशाने इस्रायलकडून 12 जुनी एफ-16 विमाने घेण्याचे ठरवले. इस्रायलने या विमानांत स्वतःची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवलेली होती आणि क्रोएशियाला त्यांचेच आकर्षण होते. परंतु विमान मुळात अमेरिकेचे असल्यामुळे ते तिसऱ्या देशाला देण्यासाठी अमेरिकेची संमती आवश्यक होती, आणि अमेरिकेने इस्रायली उपकरणे काढून विमाने मूळ स्वरूपात आणण्याची अट घातली. जानेवारी 2019 मध्ये हा व्यवहार मोडला. विकणारा राजी होता, घेणारा राजी होता, पण मालकी हक्काची दोरी तिसऱ्याच्याच हातात होती. पुढे 2021 मध्ये क्रोएशियाने फ्रान्सकडून 12 वापरलेली राफेल लढाऊ विमाने घेतली.

अर्जेंटिनाची अडचण याहून विचित्र म्हणावी लागेल. 1982 च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश सुटे भाग असलेले कोणतेही लष्करी विमान त्या देशाला मिळू नये, असे ब्रिटनचे धोरण राहिले आहे. अर्जेंटिनाने दक्षिण कोरियाच्या एफए-50 या हलक्या लढाऊ विमानात रस दाखवला, तेव्हा त्यात काही महत्त्वाचे भाग ब्रिटिश असल्याचे कारण पुढे आले आणि 2020 मध्ये ती वाट बंद झाली. पाश्चात्त्य विमानांतील इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसने, बहुधा मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका आसनावरून सौदा कसा अडू शकतो ते कळते. अखेर 2024 मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्कची 24 जुनी एफ-16 घेतली, तीही अमेरिकेच्या मान्यतेने.

परवानगी कोणाकोणाची लागते, हीच कसोटी इतर स्पर्धकांना लावली की त्यांच्या यशापयशाचे बरेचसे चित्र स्पष्ट होते. स्वीडनच्या ग्रिपेनची ख्याती कमी खर्चात आणि कमी मनुष्यबळात चालणारे विमान अशी आहे, पण त्याच्या ई आवृत्तीचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे; म्हणजे स्वीडनने काहीही ठरवले तरी वॉशिंग्टनचा शब्द लागतोच. युरोफायटर टायफून ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन या चार देशांनी मिळून बनवले, त्यामुळे त्यातील एकाचाही नकार पुरेसा ठरतो: सौदी अरेबियाला आणखी टायफून देण्याची ब्रिटनची तयारी असूनही जर्मनीने जानेवारी 2024 पर्यंत विरोध सोडला नव्हता. रशियन विमानांवर, रशियाची शस्त्रे घेणाऱ्या देशांवरही निर्बंध लादू शकणाऱ्या 2017 च्या अमेरिकी कायद्याची टांगती तलवार आली, आणि इंडोनेशियाने 2018 मध्ये केलेला 11 सुखोई-35 विमानांचा करार कागदावरच राहिला. तुर्कस्तान तर एफ-35 या अमेरिकी लढाऊ विमानाच्या प्रकल्पाचा भागीदार होता, त्याचे कारखाने त्या विमानाचे भागही बनवत होते. तरीही रशियाकडून एस-400 ही क्षेपणास्त्र प्रणाली घेतल्यामुळे 2019 मध्ये त्याला प्रकल्पातून काढून टाकण्यात आले.

राफेलची कहाणी या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. फ्रान्सने इंजिन, रडार आणि बरीचशी शस्त्रे स्वतः किंवा युरोपीय भागीदारांसह तयार करण्याचा हट्ट धरला. त्यामुळे विमान महाग पडले आणि सुमारे दीड दशक ते परदेशात कोणीही घेतले नाही. 2002 मध्ये दक्षिण कोरियात, 2005 मध्ये सिंगापूरमध्ये आणि 2007 मध्ये मोरोक्कोमध्ये ते अमेरिकी विमानांपुढे हरले. फ्रान्समध्येही या विमानाची थट्टा होऊ लागली होती. मग फेब्रुवारी 2015 मध्ये इजिप्तने 24 राफेलचा करार केला. त्याआधी 2013 मधील सत्तांतरानंतर अमेरिकेने इजिप्तला द्यायची एफ-16 विमाने रोखून धरली होती, हा योगायोग मी मानत नाही. पाच महिन्यांत पहिली तीन विमाने इजिप्तच्या हवाली झाली. त्यानंतर कतार, भारत, ग्रीस, संयुक्त अरब अमिरातीची 80 विमानांची मागणी, इंडोनेशियाची 42, सर्बियाची 12 अशी रांग लागली. विमानात दरम्यान सुधारणा झाल्या हे खरे. पण जगात अमेरिकेच्या अटींना कंटाळलेल्या किंवा त्यांची धास्ती घेतलेल्या ग्राहकांची संख्या वाढली, हे कारण मला अधिक वजनदार वाटते. अर्थात हे स्वातंत्र्यही संपूर्ण नाही. राफेलवर बसणाऱ्या स्काल्प क्षेपणास्त्रात एक अमेरिकी भाग असल्यामुळे 2018 मध्ये इजिप्तशी चाललेली पुढची बोलणी अडखळली होती.

दुसरा मोठा मुद्दा विमाने बनवण्याच्या कामाच्या वाटणीचा. यातली आजपर्यंतची बहुतेक पद्धत 1975 च्या एका सौद्यातून रूढ झाली, असे म्हणता येईल. बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि नॉर्वे या चार देशांनी एकत्र येऊन 348 विमाने घ्यायची ठरवली. फ्रान्सचे मिराज एफ-1, स्वीडनचे विगेन आणि अमेरिकेचे एफ-16 यांच्यात चुरस झाली. जिंकलेल्या एफ-16 बरोबर करार असा झाला की, या चार देशांच्या विमानांच्या मूल्यापैकी 40 टक्के, अमेरिकी हवाई दलाच्या विमानांपैकी 10 टक्के आणि तिसऱ्या देशांना विकल्या जाणाऱ्या विमानांपैकी 15 टक्के काम युरोपातील कारखान्यांना मिळावे. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये जुळणीचे कारखाने उभे राहिले. तेव्हापासून कोणताही अर्थमंत्री आपल्या संसदेत हात हलवत जाऊ शकत नाही. विमानांच्या बदल्यात किती रोजगार, किती तंत्रज्ञान, हे त्याला सांगावेच लागते. ब्राझीलने डिसेंबर 2013 मध्ये राफेल आणि अमेरिकेचे सुपर हॉर्नेट यांना डावलून 36 ग्रिपेन निवडली, त्यात तंत्रज्ञान हस्तांतरणाचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्यावर पाळत ठेवल्याचे उघड झाले होते आणि त्यामुळे बोइंगच्या सुपर हॉर्नेटची बाजू लंगडी पडली, हेही सांगितले पाहिजे.

मात्र काम वाटून घेण्याची अट कधी कधी संपूर्ण सौद्याच्या गळ्याशी येते. भारताने 2007 मध्ये 126 मध्यम बहुउद्देशीय लढाऊ विमानांची निविदा काढली. सहा विमाने उतरली आणि बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचे ऊन व लेहची विरळ हवा अशा तिन्ही ठिकाणी त्यांच्या चाचण्या झाल्या. 2011 मध्ये टायफून आणि राफेल ही दोनच उरली, आणि जानेवारी 2012 मध्ये राफेलची किंमत सर्वांत कमी ठरली. 126 पैकी 18 विमाने तयार मिळणार होती आणि 108 हिंदुस्तान एरोनॉटिक्सने भारतात बांधायची होती. भारतात बांधलेल्या विमानांची हमी कोणी घ्यायची आणि त्यांना किती मनुष्यतास लागतील, या दोन प्रश्नांवर वाटाघाटी तीन वर्षे रुतून बसल्या. एप्रिल 2015 मध्ये भारताने फ्रान्सकडून थेट 36 तयार विमाने घेण्याचे जाहीर केले आणि मूळ निविदा गुंडाळली गेली. या प्रकरणावर राजकीय वाद पुष्कळ झाला, त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, चाचण्यांचा भाग निर्विघ्न पार पडूनही सौदा हिशेबाच्या वहीत अडकला.

चाचण्या म्हणजे निव्वळ देखावा, असा निष्कर्ष मात्र काढू नये. फिनलंडने ही स्पर्धा ज्या रीतीने घेतली ती मला आदर्श वाटते. सुटे भाग युद्धकाळातही मिळत राहतील का, फिनिश उद्योगाला काम मिळेल का आणि वार्षिक खर्च संरक्षण खात्याला झेपेल का, या तीन गोष्टींत केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच ठरवले गेले. या चाळणीतून पार होणाऱ्यांतून निवड मात्र फक्त लढाऊ क्षमतेवर करायची होती. 2020 च्या हिवाळ्यात फिनलंडमधील पिर्काला येथे स्पर्धेतल्या पाचही विमानांची प्रत्यक्ष परीक्षा झाली, नंतर काल्पनिक युद्धप्रसंग संगणकावर खेळले गेले, आणि डिसेंबर 2021 मध्ये 64 एफ-35 निवडण्यात आली. राजकारण इथेही होते, पण ते आधीच चाळणीत बसवलेले असल्यामुळे अखेरच्या क्षणी आडवे आले नाही.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र निवड समितीच्याही वर मतदार बसलेला असतो. तिथे 2011 मध्ये 22 ग्रिपेनची निवड झाली आणि मे 2014 च्या सार्वमतात 53.4 टक्के लोकांनी त्यांच्या खरेदीसाठीचा निधी नाकारला. सप्टेंबर 2020 मध्ये विमानाचे नाव न घेता 6 अब्ज फ्रँकपर्यंतच्या खर्चाला मंजुरी मागितली गेली आणि ती अवघ्या काही हजार मतांनी, 50.1 टक्क्यांनी, मिळाली. त्यानंतर 36 एफ-35 निवडली गेली. स्विस सरकार किंमत पक्की ठरल्याचे सांगत असताना 2025 मध्ये अमेरिकेने जादा रकमेची मागणी केली, म्हणजे सार्वमत जिंकूनही घासाघीस संपली नाही.

म्हणून आपण या बातम्या वाचताना माझी एक सूचना आहे: ‘निवड झाली’, ‘करारावर सही झाली’ आणि ‘करार लागू झाला’ या तीन वेगवेगळ्या घटना समजाव्यात. पहिल्या आगाऊ रकमेआधी कारखान्यात काहीही हलत नाही. इंडोनेशियाच्या 42 राफेलचा करार फेब्रुवारी 2022 चा असला तरी तो 6, 18 आणि 18 अशा तीन हप्त्यांत लागू होत जानेवारी 2024 मध्ये पूर्ण झाला. आणि करार लागू झाल्यावरही मन बदलू शकते. कॅनडाने 2010 मध्ये एफ-35 घेण्याचे जाहीर केले, 2012 मध्ये तो निर्णय मागे घेतला, 2015 मध्ये ते विमान न घेण्याचे आश्वासन देणारे सरकार निवडून आले, त्याच सरकारने जानेवारी 2023 मध्ये 88 एफ-35 घेण्याचे पक्के केले, आणि मार्च 2025 मध्ये पुढच्या पंतप्रधानांनी या खरेदीचा फेरविचार करायला सांगितले, तेव्हा फक्त पहिल्या 16 विमानांचे पैसे बांधील झालेले होते.