रोड बाइकच्या टायरमध्ये घरीच १०० पीएसआय हवा भरता येते का, की पंक्चरवाल्याकडेच जावं लागतं?

आरामात येते, फक्त गेजवाला (दाब दाखवणारा काटा असलेला) उभा फ्लोअर पंप घ्या, हातातल्या मिनी पंपाने ६०-७० नंतर दंड भरून येतात. कारण साधं आहे, १०० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलो दाब, पंपाची नळी आतून ३ सेंटिमीटर असली तर शेवटी जवळपास ५० किलोचा जोर लागतो, म्हणून हात सरळ ठेवून अंगाचा भार टाकायचा. व्हॉल्व्ह बहुतेक प्रेस्टा असणार (बारीक, टोकाला छोटा नट), तो नट सैल करून एकदा दाबायचा, फुस्स झालं की मगच पंपाचं डोकं लावायचं, नाहीतर काटा वर जातो आणि टायर तसाच. काढताना जो फस्स आवाज येतो तो पाइपातल्या हवेचा असतो, घाबरून परत भरत बसू नका. पंक्चरवाल्याचा नोझल मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा, अडॅप्टर लागतो, आणि कंप्रेसर इतक्या पटकन भरतो की बारीक ट्यूब फुटायची भीती. मी दर चार दिवसांनी दादरच्या चाळीच्या गॅलरीतच भरतो.

पण १०० भरलेच पाहिजेत असं नाही हां. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा कमालमर्यादा असते, आणि रिम हुकलेस (टायर अडकवायला आतल्या कडेला आकडा नसलेली) असेल तर ७२.५ च्या वर जायचंच नाही. २५ एमएम रुंद टायरला ७० किलोच्या माणसासाठी ८०-८५ पुरतात, पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर मी अजून ५ कमीच ठेवतो.