दाखला कुणी दिलाय?

प्रिय दोस्ता,

१९८३ च्या विश्वविजेत्या संघाच्या सह्यांची बॅट घ्यायची म्हणतोस, आणि विक्रेता सोनेरी होलोग्रामचा दाखला देतोय म्हणून निम्मी काळजी मिटली असं लिहिलंयस. माझी काळजी तिथूनच सुरू होते. दाखल्यावर नाव कुणाचं आहे ते तू लिहिलेलं नाहीस. ते त्याच्याच दुकानाचं असेल, तर तो दाखला नव्हे, जाहिरात. माल अस्सल आहे असं प्रत्येक दुकानदार तोंडाने सांगतो, हा जाड कागदावर छापून सांगतोय.

स्वतंत्र तपासणी कशाला म्हणायची, ते विचारून घे. तपासणाऱ्याने 'खोटी' म्हटलं तरी त्याला फी तेवढीच मिळते का? सौदा फिसकटला तर त्याचं काही नुकसान होतं का? हीच वस्तू त्याने किंवा त्याच्या भागीदाराने आधी कधी विकली आहे का? यातल्या एकाही उत्तरात पाणी मुरत असेल, तर त्या माणसाचा अनुभव तीस वर्षांचा असला तरी त्याचं मत विकत घेऊ नकोस.

अमेरिकेत हा धडा महाग पडला. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्यांचा माग काढला आणि १९९९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात धाडी घातल्या. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते! हसू येतं खरं, पण या टोळ्यांच्या मालाबरोबर प्रमाणपत्रं रीतसर जात होती. सही खोटी आणि तिला खरी ठरवणारा कागद मात्र गठ्ठ्याने तयार, असा तो धंदा होता. मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून स्वतःची पद्धत सुरू केली. खेळाडू सही करत असताना तिऱ्हाईत साक्षीदार समोर उभा राहतो आणि तिथल्या तिथे क्रमांकाचा होलोग्राम लावतो. डोळ्यांदेखत झालेल्या सहीची नोंद आणि नंतर सही बघून दिलेलं मत या दोन वेगळ्या जाती आहेत. तुझ्या बॅटीच्या बाबतीत पहिली मिळण्याचा प्रश्नच नाही. जे मिळेल ते मतच असेल, म्हणून मत कुणाचं याला एवढी किंमत.

विक्रेता लबाडच असला पाहिजे असंही नाही. २०२२ साली अमेरिकन गायक बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'हातची सही' म्हणून ५९९ डॉलरला विकल्या गेल्या, तेही नामांकित प्रकाशन संस्थेच्या हमीपत्रासकट. ग्राहकांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा सह्या एकमेकींवर तंतोतंत बसायला लागल्या. त्या ऑटोपेनने केलेल्या होत्या, म्हणजे यंत्राचा हात साच्यावरून पेन फिरवतो तशा. प्रकाशकाने पैसे परत केले. यातून एक साधी कसोटी हाताशी ठेव. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. दोन सह्या रेषेवर रेषा जुळल्या, तर निदान एक यंत्राची, छापलेली किंवा गिरवलेली आहे. नवखे लोक बरोबर उलटं करतात, जुळली की खूश होतात.

सही ज्यांच्याशी ताडून बघायची त्या नमुन्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९८३ च्याच एप्रिलमध्ये 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या तथाकथित रोजनिशा जाहीर केल्या. त्यासाठी त्यांनी नव्वद लाखांहून जास्त मार्क मोजले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतं असा निर्वाळा दिला होता. तज्ज्ञ विकले गेले नव्हते. त्यांना तुलनेसाठी दिलेल्या 'अस्सल' नमुन्यांतच कॉनराड कुयाउ या त्याच नकलाकाराचे कागद मिसळलेले होते. चोराची सही चोराच्या सहीशी जुळली, त्यात नवल ते काय. शेवटी जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराने कागद तपासला आणि त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं शुभ्रक, म्हणजे कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन, सापडलं. म्हणून तपासणारा जसा स्वतंत्र हवा, तसे नमुनेही स्वतंत्र हवेत. लिलावांच्या यादीतले आणि विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवरचे फोटो नमुने म्हणून धरू नकोस. तारीख असलेली, विक्रीसाठी न केलेली सही शोध: पत्रव्यवहार, करार, संस्थांच्या अभिप्रायवह्या, टपालाचा शिक्का असलेली पाकिटं. प्रत्येक खेळाडूच्या त्याच काळातल्या निदान दहा तरी. वीस वर्षांत सही बदलते, आणि हजारो सह्या करणाऱ्याची तर अक्षरं गळून नुसती वेटोळी उरतात.

आता तुझी बॅट. पैशाची बोलणी करण्याआधी हे कर.

सह्या मोज. संघ १४ जणांचा होता. सुनील वॉल्सन एकही सामना खेळला नाही, पण संघात होता. त्याची सही नसेल तर बॅट लगेच बाद होत नाही, पण विक्रेता 'पूर्ण संघ' म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. मग बॅटीचं वय बघ. त्यावरचं कंपनीचं चिन्ह, स्टिकर, मुठीचं रबर यांवरून साधारण काळ कळतो. या संघातले यशपाल शर्मा १३ जुलै २०२१ रोजी गेले. त्यानंतर बनलेल्या किंवा चाळिसाव्या वर्धापनाच्या मजकुराच्या बॅटीवर त्यांची सही असेल, तर पुढे बघायचं कारण नाही.

मग दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घे आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धर. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर सही छापील. शाई रेषेच्या दोन्ही कडांना साचलेली आणि मधे फिकट दिसली तर रबरी शिक्का. बॉलपेनाची सही लाकडात किंचित रुतते. मार्करची नाही, पण कच्च्या विलोवर ती तंतूंच्या दिशेने पसरते. हातची सही चालत्या पेनाने सुरू होते आणि चालत्याच पेनाने संपते, त्यामुळे टोकं निमुळती होतात. गिरवणारा पेन टेकवतो, थांबतो, मग ओढतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी ठिपका येतो, वळणावर थरथर दिसते, मधेच पेन उचलल्याच्या खुणा राहतात. वेग हीच नक्कल करायला सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

संघाच्या बॅटीचा खास रोग वेगळाच: सगळ्या सह्या एकाच हाताच्या. ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी हौशीने सगळ्यांच्या ठोकून द्यायच्या, हे जगभर चालत आलंय. बीटल्सच्या सह्या तर त्यांचे सोबती नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स सर्रास करत. म्हणून एकेक सही तपासून झाली की सगळ्या एकत्र बघ. चौदा माणसांचा कल, दाब, अक्षरांमधलं अंतर एकसारखं असूच शकत नाही. चौदा जण बॅटीवर शहाण्यासारखे रांगेत सह्या करतील, एकाचीही दुसऱ्यावर चढणार नाही, हेही मला पटत नाही.

इथवर बॅट टिकली तरच तपासणीवर पैसे खर्च कर. अमेरिकेतल्या पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या संस्थांची नावं तू ऐकली असशील. तिघींची पद्धत सारखीच: वस्तूवर क्रमांकाचं स्टिकर आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर. विक्रेत्याने असा क्रमांक दिला तर तो स्वतः टाकून बघ, त्याने पाठवलेल्या दुव्यावरून नको. नोंदीत फोटो असेल तर लाकडाच्या रेषा जुळवून पाहा, कारण खरा क्रमांक खोट्या स्टिकरवर छापणं अवघड नाही. फोटो नसेल आणि नोंदीत नुसतं 'बॅट' लिहिलं असेल, तर तो क्रमांक दुसऱ्या कुठल्या बॅटीचा नाही हे तुला कळणार कसं? आणि फोटोवरून दिलेलं प्राथमिक मत म्हणजे तपासणी नव्हे. मूळ वस्तू हातात घेतल्याशिवाय दाब आणि शाई कळत नाही.

या संस्थांचा हात बेसबॉल आणि हॉलिवूडवर बसलेला आहे. देवनागरी सही, आणि मोडीतली तर त्याहून, त्यांच्याकडे पाठवून उत्तराची अपेक्षा करू नकोस. तिथे ते अक्षर वर्षानुवर्षं वाचलेला अभ्यासक किंवा खासगी दस्तऐवजतज्ज्ञच उपयोगी. गांधीजींचंच बघ. ते दोन्ही हातांनी लिहीत. १९०९ साली 'हिंद स्वराज' बोटीवर लिहिताना उजवा हात थकला म्हणून कित्येक पानं त्यांनी डाव्या हाताने लिहिली. नुसत्या उजव्या हाताच्या नमुन्यांवरून निकाल देणारा इथे फसणारच. शिवाय पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार ७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा कागद खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गांधीजींचा प्रत्येक अस्सल कागद आता त्या मर्यादेपलीकडचा आहे. तो तपासणीसाठी टपालाने परदेशी पाठवणं हाच गुन्हा ठरेल. तुझ्या बॅटीला ही अडचण नाही, पण ती परत येताना आयातशुल्क लागू नये म्हणून कोणते कागद लागतात ते पाठवण्याआधी कस्टममध्ये विचार.

सौदा करताना विक्रेत्याकडून एक ओळ लिहून घे: अमुक संस्थेने ६० दिवसांत एकही सही नाकारली तर पूर्ण रक्कम परत. संस्थेचं नाव तू ठरवायचंस, त्याने नव्हे. 'एकही' हा शब्द सोडू नकोस, कारण अशा बॅटीत बाराच खऱ्या निघाल्या तर किंमत दोन चौदांशाने नाही, त्याहून फार जास्त घसरते. 'अनिर्णित' या निकालाचं काय करायचं तेही आत्ताच ठरव. चांगले तपासणारे तो शेरा अनेकदा देतात, आणि विक्रेते त्याला सर्रास 'नाकारली तर नाही ना' म्हणून खपवतात.

फोटो पाठवशील तेव्हा फ्लॅश बंद ठेव, बॅटीशेजारी मोजपट्टी ठेव आणि प्रत्येक सहीचा एक समोरून, एक बाजूच्या उजेडात असे दोन काढ. दाखल्याची मागची बाजूही पाठव. बारीक अक्षरातल्या अटी तिथेच असतात.

तुझा,
एक जुना संग्राहक